ओढ्यापलीकडची शाळा

शाळेतून फोन आला की मी उभा राहतो. चाळिशी उलटली, डोक्यावरचे निम्मे केस भट्टीपुढं गेले, तरी शिक्षकांशी बसून बोलणं मला आजही जमत नाही. त्या दिवशी दुकानात समोर गिऱ्हाईक होतं. मी फोन कानाला लावून खुर्चीवरून उठलो, तसं ते तमिळ गिऱ्हाईकही, कुणी मोठं माणूस आलं की काय, म्हणून मागं वळून बघायला लागलं.

फोन आमच्या गावच्या मराठी शाळेतल्या बाईंचा होता. गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. मी राहतो सेलमला, तमिळनाडूत. आमच्या भागातल्या कितीतरी घरांसारखा आमचाही धंदा गलाईचा. सोनारांकडचं मोडीचं सोनं घ्यायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं आणि चोख सोनं परत द्यायचं. या कामासाठी आमच्याकडची माणसं कुठंकुठं गेलीत, आणि जिथं गेली तिथंच त्यांचे संसार झालेत.

आईचं वय झालंय. गावाकडचा नंबर दिसला की फोन उचलायच्या आधीच मी मनातल्या मनात मिरजेच्या गाडीत बसलेला असतो. बाईंना ते ठाऊक होतं. त्या कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या, बदलीवर आमच्याकडं आलेल्या, पण परमुलखातल्या माणसाशी फोनवर बोलायची रीत त्या शिकल्या होत्या.

"भाऊ, घरी सगळं ठीक आहे," त्यांनी आधी हेच सांगितलं. "मी शाळेसाठी फोन केलाय."

मग त्या जे बोलल्या ते थोडक्यात असं. शाळेत मुलं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. जूनमध्ये पट वाढला नाही तर शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावच्या शाळेत पाठवायची, असं वरचे साहेब सांगून गेलेत.

"तुमची मुलगी यंदा तिसरीत जाणार ना?"

"व्हय बाई, तिसरीत."

"तिला इकडं आणता येईल का? निदान एखादं वर्ष. तुमच्या वस्तीवरच्या आणखी दोन घरांशी बोलले आहे मी. त्यांचीही मुलं बाहेर आहेत, एकाची हैदराबादला, एकाची कोईमतूरला. ते म्हणाले, सेलमवाले आणत असतील तर आम्हीही आणतो."

मी म्हणालो, विचारून सांगतो. फोन ठेवला तरी मी उभाच होतो.

*

ती शाळा म्हणजे दोन खोल्या, वर कौलं, पुढं एक पडवी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी आणि मधल्या दारात गुरुजी. एक कान इकडं, एक कान तिकडं. दुसरीतलं पोरगं कविता म्हणताना अडखळलं की चौथीला भागाकार सांगता सांगता ते पुढची ओळ म्हणायचे आणि परत भागाकारात यायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. शिक्षक असाच असतो असं आम्ही धरून चाललो होतो.

आमची घरं ओढ्याच्या अलीकडं, माळाच्या वस्तीवर. शाळा आणि गाव ओढ्यापलीकडं. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती वाळू. पण आषाढ-श्रावणात तो कमरेइतका चढायचा, आणि अलीकडची वाट काळ्या मातीची. चपला हातात घेतल्याशिवाय चालताच यायचं नाही. वस्तीवरच्या आयाबाया पोरं घरी ठेवायच्या. मग गुरुजी यायचे. विजार गुडघ्यावर दुमडून ओढ्यात उतरायचे, दप्तरं आधी नेऊन ठेवायचे आणि मग एकेकाला पाठीवर घेऊन पलीकडं. मी त्यांच्या मानेला असा विळखा घालायचो की ते मधोमध थांबून म्हणायचे, "लेका, मला शाळेपर्यंत जिता तर जाऊ दे."

दिवसभर ओल्या कपड्यांनी शिकवायचे. फळ्यावर लिहिताना कोपरातून पाणी गळायचं.

त्यांनी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले होते. तोपर्यंत हे सगळं पुस्तकातून गेलेलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या मास्तरांनी आमाला सोडलं न्हाई, मी काय तुमाला सोडतोय व्हय?" आज काट्यावर सोनं ठेवलं की पहिल्यांदा माझ्या डोक्यात त्यांचा आवाज चालतो, मग बोटं कॅल्क्युलेटरकडं जातात. मी जे काही चार घास सुखाचे खातो, त्यात त्यांचा वाटा आहे. हे मी त्यांना कधी नीट सांगू शकलो नाही.

चौथीनंतर हायस्कूलला शेजारच्या गावी जायचो. आठवीची परीक्षा झाली आणि चैत्रातल्या जत्रेला मामा सेलमहून आले. आमच्याकडं जत्रा झाली की परमुलखातली माणसं माघारी जाताना आपल्याबरोबर एखादं पोरगं घेऊन जात. त्याला कुणी शाळा सोडली म्हणत नसे. 'गलाईला गेला' म्हणत. पलटणीत गेला म्हणावं तसं. थोरला दादा दहावी होऊन खरंच पलटणीत गेला होता. वडलांनी मला एवढंच विचारलं, "जातोस का?" मी लगेच व्हय म्हणालो. मला आगगाडी बघायची होती.

एसटीच्या थांब्याला जायची वाट शाळेवरून. सकाळची शाळा भरलेली होती. मी खिडकीशी थांबून गुरुजींना हात केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या पिशवीकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि फळ्याकडं तोंड केलं. बाहेर काही आले नाहीत.

सेलमला पहिल्या दिवशी मी मामांचं दुकान झाडलं. झाडण्यात मी आमच्या शाळेत पहिला होतो. पाणी मारून असं झाडायचो की गुरुजी मलाच सांगायचे. दुकान लख्ख केलं, सगळी धूळ सुपलीत भरून बाहेरच्या गटारात टाकली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. मामा बाहेर जाऊन गटाराच्या कडेला उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते पाण्याकडं बघत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "गड्या, त्या धुळीत सोनं असतं. हितला कचरा टाकायचा नसतो, डब्यात भरून ठेवायचा असतो." आमच्यात हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेत सगळ्यात चांगलं शिकलेलं काम पहिल्याच दिवशी चुकीचं निघालं. मामांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्याबद्दल मी त्यांचाही ऋणी आहे.

*

पुलाची गोष्ट सांगायची तर ती माझ्यापासूनच सुरू होते.

मी चारचौघांत बोलत नाही. पण काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या आमच्या गलाई मंडळींची बैठक होती आणि गावासाठी काय करायचं यावर बोलणं चाललं होतं. कुणी देवळाला कळस म्हणत होतं, कुणी वेशीला कमान. मला काय झालं कोण जाणे, मी उठलो आणि म्हणालो, ओढ्यावर पूल करूया आणि वस्तीपासून शाळेपर्यंत पक्का रस्ता. आपल्याला गुरुजींनी पाठीवरून नेलं, आता पोरांना पायांनी जाऊ दे.

बसलेल्यांतले निम्मे त्या पाठीवर बसून गेलेले. कुणी नाही म्हणालं नाही.

मग मी दुकान सोडून वर्गणीसाठी गावोगाव हिंडलो. रस्त्याला जागा द्यायला शेतकऱ्यांनीही खळखळ केली नाही. एकानं तर उभ्या उसाच्या दोन सऱ्या सोडल्या. मला वाटलं होतं पोरं चालत जातील एवढाच पूल करावा. पण गावकरी म्हणाले, करायचाच तर उसाची ट्रॉली जाईल एवढा रुंद करू. ते बरोबरच होतं. मी म्हणालो, करा.

नारळ फोडायला आम्ही गुरुजींना बोलावलं. ते निवृत्त होऊन शिरवळला मुलाकडं राहत होते. मुलगा तिथल्या कारखान्यात. दादा गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. ते खूप वाळले होते. नारळ फोडून झाल्यावर हळूहळू पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले, कठड्याला धरून खाली वाकले.

"एवढंसंच व्हतं व्हय रं हे?" मला म्हणाले. "मला लय मोठं वाटायचं."

"पाणी कमी झालंय गुरुजी आता."

"तसं न्हाई. पाठीवर तुमी असायचा." मग शाळेकडं बघून म्हणाले, "चला, आता पोरं पावसातबी येतील."

त्या पावसाळ्यात पोरं खरंच आली. बाईंच्या आधी जे शिक्षक होते त्यांनी फोटो पाठवला होता, छत्र्या घेऊन पुलावरून रांगेनं येणारी. तो फोटो मी दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लावला.

पुढच्या जत्रेला गावी गेलो तेव्हा सकाळी सकाळी पुलावर जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर आपलं काम बघायलाच गेलो होतो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. पिवळी बस. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची. मी कठड्याला चिकटून उभा राहिलो, तशी ती माझ्याजवळ येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"सेलमवाले तुमीच न्हवं? वळखलं मी. लय चांगलं काम केलंत बघा. पयलं आमाला मोठ्या रस्त्यावरनंच माघारी जावं लागायचं. वस्तीवरची पोरं कुठली येत्यात तिथवर? आता दारात गाडी जाती."

"वस्तीवरची किती येत्यात?"

"सगळीच की," तो म्हणाला. जणू मला आनंदाची बातमी देत होता.

खिडकीतून दादाची दोन्ही मुलं हात हलवत होती, गळ्यात टाय, केस चापून बसवलेले. "काका, टाटा." मीही हात हलवला. दुसरं काय करणार?

गावातली पोरं आधीच मोठ्या रस्त्यावरून इंग्रजी शाळेत जात होती. आमची शाळा जगली होती ती वस्तीच्या जिवावर, कारण वस्तीपर्यंत बस येऊ शकत नव्हती. ओढा आडवा होता म्हणून शाळा उभी होती, हे आम्हा एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? प्रत्येकाला आपल्या लेकराचं बरं व्हावं वाटतं. माझी मुलगीही सेलमला टाय लावूनच शाळेत जाते.

*

बाईंच्या फोनचं मी बायकोला जेवताना सांगितलं. ती कडेगावची, बारावी झालेली. घरात शिकलेली तीच. तिनं ताटातला हात थांबवला.

"आवं, तुमी हो म्हणून बसलाय का?"

"न्हाई. विचारून सांगतो म्हणालो."

"कुणाला विचारून?"

"तुला."

"आणि तिला?" ती आतल्या खोलीकडं मान करून म्हणाली. आत मुलगी शेजारच्या मैत्रिणीबरोबर तमिळमध्ये कसलंतरी भांडण करत होती. दोघी एकमेकींना काय बोलत होत्या त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं.

"माझं काय," बायको म्हणाली, "मी उद्या निघीन. मला गाव आवडतं. तिथं दारात बसलं तरी चार माणसं बोलत्यात. पण एक वर्षानं तिला परत हितं आणायची. तवर हितलं सगळं विसरंल. आणि हितं तुमचं कोण बघणार? त्या तेजाबाच्या वाफेत बसून वर मेसचा भात खाणार?"

"माझं होईल की."

"शाळा वाचवायला म्हणून एक पोरगी न्यायची. वाचली तर किती दिवस वाचंल, ते बाईंनी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

दादाला फोन केला. तो पलटणीतून निवृत्त होऊन आता गावी ऊस बघतो. आधी हसला. "बारक्या, तू तिकडनं लेक आणून शाळा वाचवणार आन माझी पोरं बसनं जाणार. लोक मला जोड्यानं हाणतील की."

"मग तुझी पोरं घाल की शाळंत."

"ती काय आता खाली उतरत्यात? इंग्रजीत शिव्या देत्यात मला." मग म्हणाला, "तुला एवढं वाटतंय तर तूच ये आन चौथीत बस. तुझं शिक्षणबी अर्धं राह्यलंय."

मला हसू आलं, पण लागलंही. दादा नेहमी असंच बोलतो, गमतीत, आणि ते बरोबर जागेवर जाऊन बसतं.

तरीही मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. मुलीला आणायची. गुरुजींची एवढी तरी फेड व्हावी. रात्रंदिवस तेच डोक्यात. भट्टीवर मूस ठेवून मी कुठंतरी बघत राहायचो आणि हाताखालचा माणूस म्हणायचा, "शेठ, वितळलं."

*

मुलीची परीक्षा संपल्या संपल्या आम्ही जत्रेला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं म्हणणं तिच्या कानावर घालून मी तिला घेऊन शाळेत निघालो. पुलावर थांबून तिला खाली वाकून बघायचं होतं. ओढ्यात नुसती वाळू आणि एक म्हैस.

शाळा छान केलीय आता. भिंतींवर पाढे, फळांची चित्रं, आम्हा गलाईवाल्यांनी दिलेला टीव्ही, पाण्याची टाकी. सगळं होतं. मोठ्या खोलीत एका कोपऱ्यात सगळ्या शाळेची मुलं एकाच सतरंजीवर गोल करून बसली होती आणि तरी सतरंजी उरली होती.

बाईंनी तिला जागा करून दिली. ती बिचकली नाही. भिंतीवरचं मराठी ती बोट फिरवत सावकाश वाचायला लागली, तशी एक चुणचुणीत पोर म्हणाली, "तुझ्या भाषंत बोल की गं कायतरी."

"ओन्नु, रेंडु, मूनु," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "ओन्नु, रेंडु, मूनु." मग हसून हसून सतरंजीवर लोळली. एक जण म्हणाला, "बाई, आमी तमिळ शिकलो, आता सुट्टी द्या." बाईही हसल्या. मुलगी इतकी खुश झाली की पार दहापर्यंत गेली, आणि ती पोरं तिच्या मागं मागं. मी दारात उभा होतो, त्याच मधल्या दारात. बाईंनी माझ्याकडं बघितलं. तेव्हाच हो म्हणून टाकणार होतो. शब्द ओठावर आला होता. कुणीतरी पाणी प्यायला उठलं, गलका झाला आणि तो तसाच राहिला.

मधल्या सुट्टीनंतर परत येताना पुलावर तिनं माझा हात धरला.

"अप्पा, मी इथं राहिले तर तुम्ही कुठं असणार?"

"सेलमला. दुकान आहे ना."

"आणि आई?"

"ती तुझ्याजवळ. आजी, काका, सगळेच तुझ्याजवळ."

"तुम्ही कधी येणार?"

"जत्रेला. आणि दिवाळीला जमलं तर."

ती कठड्यावरून बोट फिरवत पुढं गेली. मग म्हणाली, "म्हणजे मला घर सोडून राहायचं?"

"अगं, हेच आपलं घर."

मी शेजाऱ्यांशी चुकीचं तमिळ बोललो की ती माझ्याकडं जशी बघते तशी तिनं बघितलं. रागानं नाही, समजावल्यासारखं. "हे तुमचं घर आहे, अप्पा."

मला मामांचं दुकान आठवलं. माळ्यावर झोपायचो. पहिले कित्येक महिने मामांना एकच विचारायचो, जत्रा कवा. मामा म्हणायचे, यील की. मामांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी मला सांभाळलं, धंदा दिला, लग्न करून दिलं. पण जायचं का, हे मला ज्या वयात विचारलं, त्या वयात मी काय सांगणार होतो? मला आगगाडी बघायची होती. ही पोर मात्र आगगाडीला भुलली नव्हती. ती मला स्वच्छ शब्दांत विचारत होती.

शाळा सुटायच्या वेळेला मी एकटाच परत गेलो. बाई कुलूप लावत होत्या.

"बाई, जमंल असं वाटत न्हाई," मी म्हणालो. एवढंच. पुढचं सगळं वाटेत जुळवलं होतं, ते आठवेना.

"मला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत तिनं मला विचारलं, बाई, इथून सेलम कुठल्या बाजूला? मी दाखवली. खिचडी खाताना ती त्या बाजूला तोंड करून बसली."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. त्या दोन घरांचं काय, मी विचारलं. "त्यांना मी सांगते. ते तुमच्यावरच विसंबून होते." हे त्या टोचून बोलल्या नाहीत. टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी पुन्हा कुलूप काढलं, आत गेल्या आणि पहिलीचं मराठीचं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. "हे न्या. रोज एक पान वाचून घ्या तिच्याकडून. तेवढं तरी करा."

*

जूनमध्ये आमची शाळा भरली नाही. उरलेली मुलं शेजारच्या गावी जातात. दादा म्हणाला, वस्तीवरून त्यांच्यासाठी टमटम लावलीय, ती पुलावरूनच जाते. बाईंची बदली झाली. निघायच्या दिवशी त्या एकट्याच बाकं आत ओढत होत्या, तर दादानं जाऊन हात लावला. मला हे सांगताना त्याला काही विनोद सुचला नाही. आईला शाळेच्या घंटेवर सगळं कळायचं, चूल कधी पेटवायची, म्हशीला पाणी कधी दाखवायचं. आता नातवंडांना वेळ विचारते. "त्या बसच्या हॉर्नचं काय खरं न्हाई बाबा," मला फोनवर म्हणाली, "कवाबी वाजतो."

गुरुजींना शाळा बंद झाल्याचं कुणी कळवलं का, मला माहीत नाही. शिरवळचा नंबर माझ्याकडं आहे. फोन लावायला घेतो आणि ठेवतो. लावला तर उभा राहून काय बोलायचं, ते ठरत नाही.

दुकानाचं शटर ओढून घरी आलो की मुलगी पुस्तक घेऊन येते. आता बऱ्यापैकी वाचते. परवा एका पानावर झाडं, गुरं आणि मधून वाहणारं पाणी असं चित्र होतं. तिनं बोट ठेवलं. "ओ-ढा. अप्पा, हा तो आपला?"

"तसाच. पण आपल्या ओढ्याला पावसात पाणी जास्त असायचं." मग मी तिला गुरुजींचं सांगितलं. विजार दुमडायचे ते, दप्तरं आधी न्यायचे ते, माझा विळखा. तिला ते फार आवडलं. तिनं मला खाली वाकायला लावलं, माझ्या पाठीवर बसली आणि मानेला मिठी मारली.

"पण पूल असताना ते पाण्यातून का जायचे?"

"तेव्हा पूल नव्हता."

"मग कुणी बांधला?"

"आम्ही. मी, आणि आपली सगळी माणसं."

"शाळेसाठी?"

"शाळेसाठी."

ती माझ्या पाठीवरच होती, त्यामुळं तिला माझं तोंड दिसत नव्हतं. "गुरुजींना आवडला का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "नारळ त्यांनीच फोडला."